शिकाऊ, पण किती वर्षे?

मुकादमाला जाब विचारला की उत्तर ठरलेले : "बाई शिकाऊ आहे, पूर्ण दर कसा देणार?" मग तिला शिकवतो कोण? दहा-दहा वर्षे ती वाळू चाळते, माल कालवते, घमेली वर चढवते. थापी आणि ओळंबा तिच्या हाती येतच नाही. तिच्यामागून आलेला पोरगा मात्र गवंडी होतो.

त्यात काम उक्ते. गिलाव्याचा दर ब्रासवर, म्हणजे माप भिंतीचे. चाळलेल्या वाळूला, मारलेल्या पाण्याला, उचललेल्या राड्याला माप नाही. पैसे जोडीचे म्हणून नवऱ्याच्या हातात. सिमेंट आले नाही तर दिवस फुकट.

हे बेकायदा आहे. उक्त्या कामातही किमान वेतनाहून कमी मजुरी देता येत नाही, हे तत्त्व १९४८ च्या कायद्यापासूनचे. समान वेतनाचा कायदा १९७६ चा. नव्या वेतन संहितेतही दोन्ही तत्त्वे आहेत. एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये सांगितले, की किमान वेतनाहून कमी दराने राबवून घेणे ही वेठबिगारीच.

मैत्रिणींनो, आपणही तिचे नाव बचतगटाच्या वहीत लिहिले. मुकादमाच्या वहीत आहे का, हे पाहिले नाही. आता मागणी स्पष्ट हवी : हजेरी तिच्या नावावर, मजुरी तिच्या हातात, शिकाऊपणाला मुदत आणि त्या मुदतीत खरे शिक्षण. शिकवायचे नसेल, तर शिकाऊ म्हणून पैसे कापू नका!