पाठ केलेला मोर आणि पाहिलेला रानकोंबडा



चौथीच्या वर्गाला 'माझा आवडता पक्षी' हा निबंध दिला की बहुतेक वह्यांमध्ये मोरच नाचतो. राष्ट्रीय पक्षी, डोक्यावर तुरा, थुईथुई नाच. सगळं गाईडमधलं, जसंच्या तसं. आपणही बरोबरची खूण करतो आणि पुढची वही घेतो.

मागच्या वर्षी एका मुलीने रानकोंबड्यावर लिहिलं. तिचं आजोळ भीमाशंकरच्या बाजूला. 'तो आपल्या कोंबड्यासारखा असतो पण राखाडी. उन्हात मानेवर पिवळे ठिपके चमकतात. माणूस दिसला की झुडपात पळतो.' मी लाल पेनाने लिहिलं, 'कोंबडा पाळीव आहे' आणि मार्क कापले.

घरी आल्यावर शंका आली म्हणून पुस्तक काढलं. चूक माझीच होती.

राखाडी रानकोंबडा फक्त भारतातच आढळतो. सह्याद्रीचं जंगल हे त्याचं घर. मोर, तितर आणि हिमालयातला रंगीबेरंगी मोनाल यांच्याच कुळातला हा पक्षी. नराच्या मानेवरच्या पिसांवर मेणासारखे पिवळसर ठिपके असतात. मासे पकडायच्या गळाला बांधायला ही पिसं परदेशात जायची, त्यासाठी त्याची खूप शिकार झाली. आज १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं त्याला संरक्षण आहे. मादी तपकिरी, पालापाचोळ्यात बसली तर दिसतही नाही. घरटं जमिनीवर असल्यामुळे हाच रंग तिला वाचवतो.

आणि एक गंमत. आपल्या पाळीव कोंबड्या मुख्यतः लाल रानकोंबड्यापासून आल्या. पण पुष्कळ कोंबड्यांच्या कातडीचा पिवळा रंग या राखाडी भावाकडून आलाय, हे २००८ मध्ये जनुकांच्या अभ्यासातून समोर आलं.

दुसऱ्या दिवशी वर्गासमोर त्या मुलीची माफी मागितली, मार्क परत दिले आणि निबंध तिलाच वाचायला लावला. तो कसा ओरडतो, हेही तिने करून दाखवलं. गाईडमध्ये हे कुठून येणार?

मोरावर लिहूच नये असं माझं म्हणणं नाही. आपल्या जिल्ह्यातल्या गौताळा अभयारण्यात मुलाने मोर पाहिला असेल तर जरूर लिहू द्या. शहरातल्या मुलाला पारवा, साळुंकी, टिटवी आहेच. पालकांनी मोबाईलवरून तयार निबंध उतरवून देऊ नये. आणि आपण वही तपासताना एकच प्रश्न विचारावा, 'बाळा, तू हा पक्षी कुठे पाहिलास?' उत्तर आलं तर भाषेच्या दोन चुका माफ करायला हरकत नाही.