कलमाची खात्री, कोयीचे नशीब

हल्ली शहरातल्या पुष्कळ घरांत स्वयंपाकघराच्या खिडकीत काचेच्या पेल्यावर एक टपोरी कोय दिसते. तिला तीन-चार टूथपिकच्या काड्या टोचलेल्या, त्या पेल्याच्या काठावर टेकलेल्या आणि कोयीचे बूड तेवढे पाण्यात. ही अॅव्होकॅडोची कोय. मूळ मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचे हे फळ; आपल्याकडे कूर्ग, निलगिरी, वायनाडला ते पिकते आणि बटरफ्रूट म्हणून ओळखले जाते. एवढे महागाचे फळ खाल्ल्यावर कोय केरात टाकायला मराठी हात धजावत नाही आणि मग घरात एक परदेशी झाड जन्माला येते.

येते, पण सावकाश. कोय वाळली की मेली, म्हणून ती ताजीच लावायची. टोकदार बाजू वर, बसकी खाली. दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदलायचे. महिनाभर, कधी त्याहूनही अधिक काळ काहीच घडत नाही आणि घरातली मंडळी चेष्टा करून घेतात. मग एके दिवशी तपकिरी साल तडकते, कोय उभी दुभंगते, खाली मूळ आणि मागाहून वर कोंब दिसतो. वीतभर रोप झाले की ते कुंडीत लावावे. पाण्याचा निचरा होणारी माती हवी, भरपूर उजेड हवा, पाणी मात्र बेताने. मुळाशी पाणी तुंबले तर मुळे कुजतात. पाण्यात क्षार जास्त असले तर पानांची टोके करपतात.

रोप कमरेएवढे झाले, की येणारा-जाणारा एकच प्रश्न विचारतो, "काय हो, याला फळं कधी लागणार?"

खरे उत्तर असे, की घरातल्या कुंडीत बहुधा कधीच नाही. उघड्या जमिनीतही कोयीच्या झाडाला फळ धरायला पाच-दहा वर्षे, कधी त्याहून अधिक लागतात. शिवाय त्याचे फूल मोठे विक्षिप्त. ते दोनदा उमलते. पहिल्यांदा मादी म्हणून, मिटून पुन्हा उमलते ते नर म्हणून. त्यामुळे मधमाश्या हव्यात आणि शेजारी दुसऱ्या जातीचे झाड असलेले बरे. बंद खोलीत यांतले काय मिळणार? आणि इतके करून फळ धरलेच, तर ते आपण खाल्लेल्या फळासारखे असेल याचा भरवसा नाही.

हे आपल्याला नवे नाही. रायवळ आंबा आणि कलमी हापूस यांतला फरक कोकणातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतो. कलम म्हणजे खात्री. रायवळ म्हणजे नशीब. एखादा मधासारखा, एखादा नुसता धागा, एखादा दात आंबवणारा.

मी बँकेत अधिकारी होतो. कोकणातल्या शाखेत असताना कलमांच्या बागांसाठी कर्जे मंजूर केली. रायवळाच्या बागेसाठी कर्ज मागायला कोणी आले नाही, आणि आले असते तर मी ते नाकारले असते. ते योग्यच ठरले असते, कारण ठेवीदाराचा पैसा नशिबावर लावायचा नसतो.

पण घर म्हणजे बँकेची शाखा नव्हे. फळाचा तोच प्रश्न आपण मुलांनाही विचारू लागलो आहोत, हे मला बोचते. दहावीचे मार्क, क्लासची फी, पुढे पॅकेज किती, गुंतवणूक वसूल कधी? शेजाऱ्यांच्या मुलाची फांदी आणायची आणि आपल्या पोरावर बांधायची, असा सगळा कारभार. ज्याच्या घरात एकच कमावता आणि एकच संधी, त्याने खात्रीची वाट धरली तर त्याला हसण्याचा अधिकार कोणाला नाही. मी स्वतः त्याच खात्रीच्या पगारावर संसार केला आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. पण पोटापाण्याची भ्रांत मिटलेली घरेही मुलांना कलमच बांधतात, तेव्हा काय म्हणावे?

त्यांनी अॅव्होकॅडोचीच गोष्ट ऐकावी. आज जगाच्या बाजारात सर्वाधिक दिसणारी त्याची जात 'हास'. कॅलिफोर्नियातल्या ला हाब्रा हाइट्स इथे रुडॉल्फ हास नावाच्या पोस्टमनने १९२०च्या दशकात थोडी जमीन घेऊन कोयी लावल्या. त्यांच्या रोपांवर त्या वेळच्या नामवंत जातीचे कलम करायचा त्याचा बेत होता. एका रोपावर मात्र कलम काही केल्या लागेना. ते रोप तोडायचे राहून गेले, त्याला काळपट, खरबरीत सालीची फळे आली आणि ती घरच्या मुलांना आवडली. १९३५मध्ये हासने त्या जातीचे पेटंट घेतले. त्यातून त्याला फारसे काही मिळाले नाही, कारण बागायतदार एक रोप विकत घेत आणि त्याच्यावरून हवी तेवढी कलमे बांधत. पोस्टमनची नोकरी काही त्याला सोडता आली नाही. ते मूळ झाड मुळे कुजण्याच्या रोगाने २००२मध्ये गेले. पण आज जगभर उभी असलेली हासची सगळी झाडे त्या एकाच झाडाची कलमे आहेत.

म्हणजे ज्या खात्रीवर एवढा व्यापार चालतो, तिच्या मुळाशी कलम न लागलेले एक रोप आहे. आपला हापूसही केव्हातरी कोयीवरच उगवला असणार आणि कोणीतरी तो तोडला नसणार. कलम चांगले फळ टिकवते. नवे फळ यायचे तर ते कोयीतूनच येते.

म्हणून हे झाड घरात असावे. त्याला पाणी घालायचे काम घरातल्या मुलाकडे द्यावे. ते दर आठवड्याला नवी पाने मोजील आणि एखाद्या दिवशी विचारील, "आजोबा, याला फळं लागतील का?" तेव्हा सरळ सांगावे, "मला माहीत नाही." मोठ्या माणसांकडून हे उत्तर मुलांना हल्ली फारसे ऐकायला मिळत नाही.