आधी एक उन्हाळा राहून पाहा

मे महिन्यात आमच्या पांढरकवड्याला पाहुणा आला, की आधी कूलरसमोरची खुर्ची शोधतो. माय मात्र संध्याकाळ झाली की आपले अंथरूण मागच्या मातीच्या खोलीत नेते. "तुमचा सिलाप दिवसभर ऊन पितो अन् रातभर ओकतो," असे तिचे म्हणणे.

त्या खोलीची मागची भिंत पावसाने बसली, तेव्हा ती पाडून तिथेही सिमेंटची खोली बांधायचे आम्ही भावंडांनी ठरवले. माय एवढेच म्हणाली, "आधी एक उन्हाळा राहून पाहा." म्हणून भिंत पुन्हा मातीचीच घातली आणि मी तिथे मुक्काम हलवला.

पहिला धडा मातीचाच मिळाला. आमची काळी माती कपाशीला चांगली, भिंतीला नाही. ती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. गावातल्या म्हाताऱ्या मिस्त्रीने तीत मुरूम आणि कुटार मिसळायला लावले, पाणी घालून चार दिवस मुरू दिले, मग पायांनी तुडवून घेतले. जोते दगडाचे हवे आणि वळचण भिंतीपासून लांब हवी, हेही त्यानेच बजावले. पहिली भिंत बसली होती ती याच दोन गोष्टींच्या अभावी! दीड फुटाच्या भिंतीतून दुपारचे ऊन आत पोचेपर्यंत रात्र होते आणि तोवर बाहेरची हवा उतरलेली असते. पातळ स्लॅबला एवढा दम नसतो.

हे काही नवे नाही. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात गांधीजी १९३६ साली शेगावला राहायला गेले. आज आपण त्याच गावाला सेवाग्राम म्हणतो. झोपडी जवळपासच्या साहित्यातून आणि गावच्याच मजुरांकडून बांधावी, असा त्यांचा आग्रह होता. बापूकुटीच्या भिंतींवर मीराबेननी मातीतच उठवलेली ताडाची झाडे आजही पाहता येतात. १९७८ मध्ये इव्हान इलिच हे पाश्चात्त्य विचारवंत त्या कुटीत बसून गेले आणि तिच्यावरच बोलले. वर्ध्यालाच देवेंद्रकुमारांनी १९७६ साली ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र काढले. कुंभाराने चाकावर घडवलेली निमुळती कौले एकात एक बसवून लाकडावाचून कमानीचे छप्पर उभारण्याचे प्रयोग तिथे झाले.

पण मातीच्या घराचे गोडवे गाणारे आपण पुरुष एक गोष्ट सोयीने विसरतो. सारवते कोण? आमच्या घरी चाळीस वर्षे माय सारवत आली. आता तिचे गुडघे बोलतात. कोलामांच्या पोडावरच्या बायाही कुडाच्या भिंती दरसाल लिंपतात. त्यांना पक्के घर हवेसे वाटले, तर त्यात नवल काय? २०१६ पासूनच्या आवास योजनेत सपाट प्रदेशातल्या घरकुलासाठी १ लाख २० हजार रुपये ठरले. त्या पैशांत दगडी जोते, मातीची जाड भिंत आणि चांगले छप्पर असे मधले घर का बसू नये, हे विचारायला मात्र हवे.

आमची खोली राहिली. घरात आता पाळ्या लावल्या आहेत. या दिवाळीला सारवायची पाळी माझी. माय ओट्यावर बसून चुका काढणार आहे.