नकलेलाही अक्कल लागते

गेल्या वर्षी एका वक्तृत्व स्पर्धेत परीक्षकांनी माझ्या कागदावर शेरा मारला : "मांडणी चांगली, भाषा उसनी वाटते." आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. घरी 'व्हतं' म्हणायचे आणि व्यासपीठावर 'होते' म्हणायचे, ही कसरत मी रोज करते. त्यामुळे तो शेरा खोटा होता असे मला म्हणता येत नाही. पण उसने ते सगळेच हलके का? हा प्रश्न मनात घर करून राहिला, आणि त्यावर विचार करायला मला एका जुन्या वाद्याने लावले.

माझे मामा बँजो पार्टीत कीबोर्ड वाजवतात. कीबोर्ड कोणत्याही कंपनीचा असो, आमच्याकडे त्याला 'कॅसिओ'च म्हणतात! मामांमुळे मला सिंथेसायझरविषयी वाचण्याची गोडी लागली, आणि त्यातूनच १९८४ साली आलेल्या कॅसिओ सीझेड-१०१ या वाद्याची हकीकत कळली.

प्रथम 'रेझोनन्ट फिल्टर' म्हणजे काय ते पाहू. एकाच सुरात 'ऊ' म्हणत म्हणत हळूहळू 'ई'वर या. सूर बदलत नाही, त्याचा रंग बदलतो. सुरात मूळ कंपनाबरोबर दुप्पट, तिप्पट, चौपट वेगाची कंपनेही असतात; तोंडाचा आकार त्यांतली काही दाबतो, काही उचलून धरतो. मोरचंग वाजवणारा हेच करतो. सिंथेसायझरमधला नेहमीचा फिल्टर एका सीमेच्या वरची कंपने दाबतो. बाहेर पडणाऱ्या ध्वनीचा काही अंश पुन्हा आत सोडला, की सीमेजवळची कंपने उठून ऐकू येतात. हाच रेझोनन्स. रॉबर्ट मूग यांना अशा ट्रान्झिस्टर फिल्टरचे पेटंट १९६९ साली मिळाले. मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी १९८२ च्या आपल्या ध्वनिमुद्रिकेत रोलँड टीबी-३०३ च्या साथीने राग वाजवले. त्यातही हा सरकता रंग ऐकायला मिळतो.

पुढे डिजिटल वाद्ये आली. तेथे ध्वनी म्हणजे आकड्यांची माळ. खरा फिल्टर हवा तर प्रत्येक स्वरासाठी सेकंदाला हजारो गुणाकार करावे लागणार, आणि त्या काळच्या स्वस्त चिपना ते झेपणारे नव्हते. १९८३ च्या यामाहा डीएक्स-७ मध्ये फिल्टर नव्हताच. सीझेड-१०१ तर अमेरिकेत ५०० डॉलरच्या आत मिळणारे वाद्य. त्यातही फिल्टर नाही. पण रेझोनन्स मात्र ऐकू येतो!

युक्ती अशी. स्वराच्या एका आवर्तनात साइन लहर एकदाच वाचण्याऐवजी ती पाच-सहा पट वेगाने वाचायची, आणि आवर्तन संपताच पुन्हा आरंभापासून सुरुवात करायची. लहर मध्येच तुटली तर आवाज खरखरीत होईल. म्हणून आवर्तनाच्या शेवटी तिची उंची शून्यावर आणायची. वाचनाचा वेग वाढवत-घटवत नेला, की उठून ऐकू येणारी कंपनांची जागा वरखाली सरकते, आणि कानाला वाटते की फिल्टर फिरतो आहे. प्रत्यक्षात काहीच गाळलेले नसते.

काही जण म्हणतील, ही तर शुद्ध फसवणूक! मर्यादा मलाही मान्य आहेत. खऱ्या फिल्टरमधून कोणताही ध्वनी सोडता येतो. येथे ते शक्य नाही. खऱ्या फिल्टरची सीमा एका जागी ठेवता येते. येथे वरचा सूर दाबला की ती जागाही मुळात त्याच्याबरोबर वर जाते. तरीही माझ्या मते ही नक्कल करणाऱ्यांना मूळ वस्तू पुरती समजलेली होती. फिल्टर हाताशी नसताना कानाला नेमके काय ऐकवायचे, हे त्यांनी शोधून काढले. त्या शोधात काचेसारखा लख्ख, सर्वस्वी वेगळा आवाज निघाला. आज साध्या संगणकालाही खरा फिल्टर सहज जमतो. तरी सीझेडच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करणारे सॉफ्टवेअर विकले जाते. कालची नक्कल आज अस्सल ठरली!

गाईड पाठ करून उत्तर उतरवणे हीही नक्कलच. पण तिच्यात काही समजून घ्यावे लागत नाही. माझ्या त्या भाषणात दोन्ही प्रकार होते, हे आता प्रामाणिकपणे कबूल करते. 'किंबहुना' आणि 'तद्वतच' मी केवळ भारदस्त वाटतात म्हणून पेरले होते. तेवढ्यापुरता शेरा योग्य. पण आईला रेशनच्या रांगेत काय ऐकून घ्यावे लागते, हे सांगणारी वाक्ये मी रात्रभर बसून घडवली होती. शब्द पुस्तकी होते, घडण माझी होती. परीक्षकांनी हा भेद करायला हवा होता, असे मला वाटते.

यंदाही मी स्पर्धेत उतरणार आहे. 'किंबहुना' गाळले आहे. 'होते' मात्र 'होते'च म्हणेन. आणि बोलण्याच्या भरात एखादे 'व्हतं' निसटले, तर निसटू दे.

— द्वितीय वर्ष, कला