‘काय गं, कुठे होतीस?’

शाळेत चार दिवस दांडी मारली की वर्गशिक्षिका हजेरी घेताना थांबायच्या, चष्म्यावरून बघायच्या आणि विचारायच्या, ‘काय गं, कुठे होतीस?’ तेव्हा तो प्रश्न डोक्यात जायचा.

एफवायला मला टायफॉइड झाला. तीन आठवडे कॉलेज बुडलं. परत गेले तेव्हा कुणी काहीच विचारलं नाही. नोटिस बोर्डावरच्या डिफॉल्टर लिस्टमध्ये मात्र माझा रोल नंबर होता.

‘कॉलेजात आलात म्हणजे मोठे झालात, आता कोण विचारणार?’ असं म्हणतात. पण अठराव्या वर्षी घर सोडून हॉस्टेलला येणाऱ्याला विचारणारं माणूस नको असतं, हे कुणी ठरवलं?

जपानमध्ये वर्गशिक्षकाला ‘तान्निन’ म्हणतात. दिवसाची सुरुवात आणि शेवट त्यांच्यासोबत होतो. प्राथमिक शाळेत ते मुलांबरोबर वर्गातच जेवतात. पुढे काय शिकायचं हे ठरवताना शिक्षक, पालक आणि विद्यार्थी असे तिघं समोरासमोर बसतात. चीनमध्ये हेच काम ‘बानझुरेन’ करतात. तिथल्या शिक्षण मंत्रालयाच्या २००९ च्या नियमांनुसार, वर्ग सांभाळण्याचं काम शिक्षकाच्या ठरलेल्या तासांपैकी निम्म्या तासांइतकं धरलं जातं. म्हणजे विचारपूस हेसुद्धा काम आहे, हे तिथे कागदावर मान्य आहे.

तिकडे सगळं छान आहे असंही नाही. ओईसीडीच्या २०१८ च्या पाहणीत जपानमधले माध्यमिक शिक्षक आठवड्याला सरासरी ५६ तास काम करत होते, सहभागी देशांत सर्वात जास्त. शिक्षकांना असं पिळून काढून मुलांची काळजी घेता येत नाही.

आपल्या कॉलेजांत ‘मेंटॉर’ असतात. नॅकच्या मूल्यांकनासाठी त्यांची फाइल तयार असते. माझ्या मेंटॉर फॉर्मवर नाव, ब्लडग्रुप आणि सही होती. तीन वर्षांत मॅम एकदाच भेटल्या. पण मला त्यांचा राग येत नाही. त्या तासिका तत्त्वावर होत्या. लेक्चर घेतलं तर पैसे, लेक्चरनंतर थांबून ‘बरी आहेस ना?’ विचारलं तर शून्य. मग त्या पुढच्या कॉलेजला जायला बस पकडणार, की माझ्यासाठी थांबणार?

म्हणून ‘शिक्षकांनी मायेनं वागावं’ असले सल्ले पुरे झाले. मेंटॉरिंगचा तास टाइमटेबलमध्ये टाका, तो वर्कलोडमध्ये धरा आणि तासिकावाल्यांना त्याचे पैसे द्या. आणि आपणही तो तास ‘ऑफ लेक्चर’ समजून कॅन्टीनला पळायचं नाही, एवढं तरी कबूल करू या.

सुरुवात अगदी छोटी असू शकते. डिफॉल्टर लिस्ट लावायच्या आधी त्या मुलाला फक्त एक फोन करायचा.

‘काय रे, कुठे आहेस?’