पडायचं थांबलं म्हणजे दुरुस्त झालं?

इंग्लंडमधल्या जुन्या टेरेस घरांत (टेरेस म्हणजे गच्ची नव्हे हो, भिंतीला भिंत चिकटवून ओळीने बांधलेली घरं) विजेबद्दल एक तक्रार हमखास ऐकू येते. "नवा बोर्ड बसवला आणि तेव्हापासून कटकट सुरू झाली." आमच्याकडेही अगदी हेच झालं. जुना फ्यूजबॉक्स काढून दोन आरसीडींचा नवा बोर्ड लावला, आणि मधूनच संध्याकाळी अर्ध्या घराची वीज जायला लागली. बरं, रोज जाईल तर शपथ! कधी लागोपाठ तीन दिवस, मग आठवडाभर शांतता.

सगळ्यांचा पहिला संशय नव्या बोर्डावर. माझा कपडे धुण्याच्या मशीनवर, कारण ते चालू असताना वीज जास्त वेळा जायची. दोन्ही संशय चुकीचे निघाले. शेवटी बोर्डाशेजारी एक वही टांगली. वीज गेली की वेळ लिहायची, काय काय चालू होतं ते लिहायचं आणि शेवटचं बटण कोणी कुठलं दाबलं तेही. दोन आठवड्यांनी वही वाचली तर प्रत्येक नोंदीत एकच गोष्ट सापडली. जिन्याच्या वरच्या टोकाचा दिवा नुकताच कोणीतरी लावलेला होता.

पण तो दिवा तर आम्ही रोज दहादा लावायचो, मग दहादा वीज का जात नव्हती? इथे मी थोडा वेळ पार गंडलो होतो. मग ड्रॉवरमध्ये ६० वॅटचा एक जुना पिवळा बल्ब सापडला, तो तिथे लावला. बटण दाबलं, खट्! परत दाबलं, परत खट्. हवा तेव्हा घडवता येणारा दोष म्हणजे निम्मा सापडलेला दोष. (सोमवार ते शुक्रवार मी याच एका गोष्टीसाठी तडफडत असतो. असो.)

मामला असा होता. या घरांत दिव्यांची दोन सर्किटं असतात, एक खालच्या मजल्याचं आणि एक वरच्या. जिन्याच्या दिव्याला खाली एक बटण, वर एक. जुन्या काळच्या कोण्या वायरिंगवाल्याने खालच्या बटणाला फेज खालच्या सर्किटमधून दिली आणि दिव्याची न्यूट्रल वरच्या सर्किटला जोडून टाकली. काही यार्ड वायर वाचली. इंग्रजीत याला उसनी न्यूट्रल म्हणतात. जुना फ्यूज फक्त फाजील करंट ओळखायचा, त्यामुळे हे उसनं अनेक वर्षं खपून गेलं.

आरसीडी मात्र हिशेबनीस. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून परत आला का, एवढंच तो बघतो. इथे करंट एका आरसीडीतून जायचा आणि दुसऱ्यातून परत यायचा, म्हणजे दोघांचाही हिशेब चुकलेला. ३० मिलिअँपिअरचा आरसीडी १५ पर्यंतच्या फरकाला पडत नाही, ३० ला पडायलाच हवा, आणि मध्ये त्याची मर्जी. ६० वॅटचा बल्ब २६० मिलिअँपिअर घेतो, तिथे प्रश्नच नाही. आमचा ५ वॅटचा एलईडी नुसत्या भागाकाराने २२, म्हणजे बरोबर मर्जीच्या पट्ट्यात! त्यात मशीनची बारीकशी गळती मिळाली की पडला.

आता माझा खरा मुद्दा. इलेक्ट्रिशियनने अर्ध्या तासाचा उपाय सुचवला. दोन्ही मजल्यांचे दिवे एकाच आरसीडीवर टाकायचे, जाणं आणि येणं एकाच ठिकाणी जुळेल, पडायचं थांबेल. हे सर्रास करतात. माझं स्पष्ट मत, हे करू नये. एकदम सगळे दिवे जातील ही गैरसोय सोडाच. उद्या कोणीतरी वरचा दिवा बदलायला येईल, फक्त वरचा एमसीबी बंद करेल, "वर वीज नाही" असं समजून न्यूट्रल सोडवेल. तेवढ्यात खालून कोणी जिन्याचं बटण दाबलं, की सुटलेल्या टोकावर दिव्यातून आलेले २३० व्होल्ट. आरसीडी तेव्हा पडेलही, पण झटका बसल्यावर. आणि माणूस शिडीवर असतो.

२००८ च्या नियमांपासून तिथे आरसीडीचा वापर खूप वाढला, आणि २०१८ पासून घरातल्या दिव्यांच्या नव्या सर्किटांनाही तो लागतो. म्हणजे ही जुनी उसनवारी आता घरोघर उघडी पडणार. ती उघडी पाडणाऱ्यालाच गप्प करायचं, हे मला पटत नाही.

आम्ही दोन बटणांमध्ये तीन तारांची नवी केबल टाकून घेतली आणि दिव्याची फेज वरच्याच सर्किटमधून घेतली. जिन्याशेजारची भिंत फोडावी लागली, दीड दिवस धूळ, आणि तसा वॉलपेपर आता कुठे मिळत नाही. तिथे सध्या कॅलेंडर आहे, जरा जास्तच खाली लावलेलं. पाहुणे विचारतात.