विश्लेषण : बँक बंद पडली तर ५ लाखांचे संरक्षण नेमके कोणाला?

साताऱ्याच्या जिजामाता महिला सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ७ ऑक्टोबर २०२५ रोजी रद्द केला. त्याआधी २०२२ मध्ये सांगली जिल्ह्यातील सर्जेरावदादा नाईक शिराळा सहकारी बँक, तर डिसेंबर २०२० मध्ये कराड जनता सहकारी बँक याच वाटेने गेली. प्रत्येक वेळी ‘५ लाखांपर्यंतच्या ठेवी सुरक्षित’ असे सांगितले जाते. पण ते कोणत्या पैशाला लागू होते आणि कोणत्या नाही, यात अनेक कुटुंबांचा गोंधळ होतो.

साताऱ्यात काय घडले?

जिजामाता बँकेचा परवाना याआधी जून २०१६ मध्येही रद्द झाला होता. बँकेने अपील केले आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये तो परत मिळाला. मात्र बँकेची आर्थिक स्थिती तपासण्यासाठी न्यायवैद्यक लेखापरीक्षण करण्याची सूचनाही अपिलात झाली होती. बँकेने सहकार्य न केल्याने ते पूर्ण होऊ शकले नाही, असे रिझर्व्ह बँकेचे म्हणणे आहे. पुरेसे भांडवल नाही आणि कमाईची शक्यताही नाही, या कारणांनी परवाना दुसऱ्यांदा गेला. ३० सप्टेंबर २०२४ च्या आकडेवारीनुसार बँकेतील एकूण ठेवींपैकी ९४.४१ टक्के रक्कम विम्याच्या कक्षेत होती. हा आकडा दिलासादायक आहे. पण ज्याची ठेव उरलेल्या साडेपाच टक्क्यांत आहे, त्याच्यासाठी तो निरुपयोगी.

विमा कोण देते, पैसे कोण भरते?

१९६० मध्ये केरळमधील पलाई सेंट्रल बँक आणि अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. त्या धक्क्यानंतर १ जानेवारी १९६२ पासून ठेव विमा सुरू झाला. तेव्हा मर्यादा होती १,५०० रुपये. ती १९९३ मध्ये १ लाख झाली आणि पुढची २७ वर्षे तिथेच राहिली. ४ फेब्रुवारी २०२० पासून ती ५ लाख आहे. रिझर्व्ह बँकेच्या मालकीचे ठेव विमा आणि पतहमी महामंडळ हा विमा देते. हप्ता बँक भरते, ठेवीदाराच्या खात्यातून तो कापता येत नाही.

मर्यादा वाढीची तारीख किती महत्त्वाची ठरते, हे कराड जनता बँकेत दिसले. या बँकेवर नोव्हेंबर २०१७ पासून निर्बंध होते आणि परवाना ७ डिसेंबर २०२० रोजी रद्द झाला. तीन वर्षे ठेवीदारांचे पैसे अडकले, घरांतली लग्ने, दवाखाने, शिक्षण खोळंबले. पण दरम्यान मर्यादा १ लाखावरून ५ लाखांवर गेली होती. त्यामुळे ९९ टक्क्यांहून अधिक ठेवीदारांना पूर्ण रक्कम मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. सांगलीच्या वसंतदादा शेतकरी सहकारी बँकेचा परवाना २००९ मध्ये गेला, तेव्हा १ लाखाचीच मर्यादा होती. तिच्या ठेवीदारांना हे भाग्य लाभले नाही.

५ लाख मोजतात कसे?

सर्वाधिक चुका इथे होतात. मर्यादा खात्याला नाही, तर एका बँकेतील एका ठेवीदाराला आहे. वाई शाखेत ३ लाख आणि फलटण शाखेत ३ लाख ठेवले, तरी बँक एकच असेल तर ते ६ लाखच धरले जातात आणि मिळतात ५ लाख. बचत, चालू, मुदत आणि आवर्त ठेव यांची बेरीज होते. व्याजही त्यातच येते. ४ लाख ८० हजार रुपये वर्षभरासाठी ८ टक्क्यांनी ठेवले, तर मुदतीअखेर ते सुमारे ५ लाख १९ हजार होतात आणि वरचे १९ हजार विम्याबाहेर राहतात.

संयुक्त खाते मात्र वेगळे मोजले जाते. पतीच्या एकट्याच्या नावावर ५ लाख, पत्नीच्या एकटीच्या नावावर ५ लाख आणि दोघांच्या संयुक्त नावावर ५ लाख, अशी १५ लाखांची रक्कमही एकाच बँकेत संरक्षित असू शकते. दुकानाचे खाते एकट्या मालकाच्या व्यवसायाचे असेल, तर ते त्याच्या वैयक्तिक खात्यातच मिळवले जाते. भागीदारी पेढीचे वेगळे धरतात. त्याच बँकेचे कर्ज असेल तर थकीत रक्कम ठेवीतून वळती होऊ शकते. बँकेचे शेअर म्हणजे ठेव नव्हे, त्यांना विमा नाही. सहकारी बँकेत कर्ज घेताना शेअरपोटी कापलेली रक्कम अनेकांच्या हिशेबात ‘ठेव’ म्हणून बसलेली असते, म्हणून हे सांगावे लागते.

पतसंस्थेतील पैशाचे काय?

त्याला हा विमा नाही. सातारा आणि सांगली जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांतील ठेवी विम्याच्या कक्षेत येतात. पण गावातील विकास सोसायटी, नागरी पतसंस्था किंवा ‘मल्टिस्टेट’ क्रेडिट सोसायटी येत नाही. काउंटर, पासबुक, गणवेशातील कर्मचारी, रोज दुकानात येणारा पिग्मी एजंट, सगळे बँकेसारखेच दिसते. वर दर एक-दोन टक्क्यांनी जास्त. उसाचे बिल, बेदाण्याची पट्टी, निवृत्तीची रक्कम किंवा खानापूर-आटपाडीच्या गलाई व्यावसायिकांनी परराज्यातून पाठवलेला पैसा ओळखीच्या संचालकाच्या शब्दावर तिथे जातो. ओळख खरी असते, संस्था चांगलीही असू शकते. पण ती अडचणीत आली तर महामंडळ पैसे देत नाही. मग सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे तक्रार किंवा ठेवीदारांच्या हितसंबंध संरक्षणाच्या १९९९ च्या राज्य कायद्याखाली कारवाई, मालमत्ता जप्ती, लिलाव असा लांबचा रस्ता उरतो.

त्यामुळे पावती घेण्याआधी एकच प्रश्न विचारावा : ठेव विमा महामंडळाच्या यादीत संस्थेचे नाव आहे का? यादी महामंडळाच्या संकेतस्थळावर असते. ‘आमच्याकडे सगळे सुरक्षित आहे’ हे त्या प्रश्नाचे उत्तर नव्हे. टपाल खात्याच्या योजनांना केंद्र सरकारची हमी असते, तिथे ५ लाखांचा प्रश्न येत नाही.

पैसे कधी मिळतात?

१ सप्टेंबर २०२१ पासून लागू झालेल्या बदलामुळे, बँकेवर पैसे काढण्याचे निर्बंध आले की साधारण ९० दिवसांत विम्याची रक्कम मिळण्याची तरतूद झाली. पहिल्या ४५ दिवसांत बँक ठेवीदारांची यादी देते, नंतर छाननी आणि वाटप. कराडच्या ठेवीदारांसारखी तीन वर्षांची प्रतीक्षा आता करावी लागू नये, असा याचा हेतू. परवानाच रद्द झाला तर अवसायक तीन महिन्यांत यादी देतो आणि त्यानंतर दोन महिन्यांत महामंडळाने पैसे द्यायचे असतात.

५ लाखांवरील रक्कम बँकेच्या कर्जवसुलीवर आणि मालमत्ता विक्रीवर अवलंबून राहते. महामंडळाने दिलेले पैसेही त्याच वसुलीतून परत करायचे असतात, त्यामुळे मोठ्या ठेवीदाराच्या वाट्याला काय आणि कधी येईल, हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

दावा अडतो तो बहुतेकदा कागदांवर. ठेवीदाराची केवायसी जुनी, मोबाइल क्रमांक बदललेला, दुसऱ्या बँकेतील खात्याचा तपशील दिलेला नाही, किंवा ठेवीदार वारलेला आणि वारसनोंद नाही. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार वारसदार नेमता येतात. आजोबांच्या नावावरील पावत्या कपाटात असतील, तर हे काम त्यांच्या हयातीत, शाखा उघडी असतानाच करून घेणे सोपे जाते.